मंद रेडिओ स्रोतांची यादी कशी करायची: आकाशाचा पाच अंशांचा तुकडा आणि गावातला लॅपटॉप

गच्चीवर डिश लावून मंद रेडिओ स्रोत, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या अंधुक वस्तू, सापडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात रेडिओ खगोलशास्त्राचा विषय निघाला, की पहिला प्रश्न केबलवाल्याच्या जुन्या आठ फुटी डिशचाच येतो. ती डिश जरूर लावा. सूर्य दिसेल, आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषाही दिसेल. पण त्या तरंगलांबीला आठ फुटी डिशचा बीम जवळपास सहा अंश रुंद असतो. म्हणजे एका वेळी ती चाळीस चौरस अंश आकाश बघते आणि तेवढ्या आकाशात एनव्हीएसएस या सर्वेक्षणाने नोंदवलेले दोन हजारांवर स्रोत असतात. ते सगळे एकमेकांत मिसळून येणार. त्यात तुमच्या शिवारातली झटका मशीन दर सेकंदाला ठोका देत असतेच.

मंद स्रोतांचं काम करायचं तर मोठ्या दुर्बिणींनी आधीच काढलेली आकाशाची चित्रं घ्यायची आणि त्यांतून स्वतःची यादी तयार करायची. ही चित्रं फुकट आहेत, सर्वांना खुली आहेत, आणि त्यांत जेवढं आहे तेवढं छापील यादीत आलेलं नाही. यादी करणाऱ्यांनी आपापली उंबरठ्याची रेघ वर ओढलेली असते. त्या रेघेच्या जरा खाली काय आहे, त्यातलं खरं किती आणि आभास किती, हे ठरवायला शिकायचं. हा लेख त्यासाठी आहे. बी.एस्सी.चा विद्यार्थी किंवा चिकाटीचा हौशी माणूस समोर धरून लिहितो आहे.

माप

रेडिओ स्रोताची प्रखरता जॅन्स्कीत मोजतात. दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट म्हणजे एक जॅन्स्की. आकडा डोक्यात बसत नसेल तर हे गणित फळ्यावर करा: चंद्रावर एक वॅटचा मोबाईल ठेवला आणि तो २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळीकडे सारखा प्रक्षेपण करतोय असं धरलं, तर पृथ्वीवर त्याची प्रखरता सुमारे २७० जॅन्स्की भरते. आपण ज्यांच्या मागे लागणार आहोत ते स्रोत १८ मिलिजॅन्स्कीच्या आसपासचे, म्हणजे त्या मोबाईलपेक्षा पंधरा हजार पटींनी मंद. वर्गात हे गणित झालं की डिशचा आग्रह आपोआप थांबतो.

कोनांसाठी अंश, कला, विकला हेच शब्द वापरू. ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश. पूर्ण चंद्र साधारण ३० कला रुंद दिसतो.

कच्चा माल

आपलं मुख्य सर्वेक्षण टीजीएसएस. नारायणगावजवळ खोडदला जी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश २५ किलोमीटरवर पसरलेल्या आहेत. तिने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळपास सगळं दिसणारं आकाश टिपलं. तो डेटा पुढे आयोनोस्फिअरच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या) दुरुस्त्यांसह ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्याने प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. उणे ५३ अंश क्रांतीपासून (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश) उत्तर ध्रुवापर्यंत ३६,९०० चौरस अंश, आणि यादीत सुमारे ६ लाख २० हजार स्रोत. दर चौरस अंशाला सतरा. नॉईज, म्हणजे स्रोत नसलेल्या जागेतली खरखर, साधारण ३.५ मिलिजॅन्स्की प्रति बीम. बीम, म्हणजे चित्रात वेगळा दिसू शकणारा लहानात लहान ठिपका, २५ विकलांचा. यादीचा उंबरठा ७ सिग्मा, म्हणजे नॉईजच्या सात पट. आपली सगळी गंमत ५ आणि ७ सिग्माच्या मधल्या पट्ट्यात आहे.

सोबतीला एनव्हीएसएस. अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीचं हे सर्वेक्षण १.४ गिगाहर्ट्झवर झालं. ४५ विकलांचा बीम, ०.४५ मिलिजॅन्स्की नॉईज, उणे ४० अंशांच्या उत्तरेचं आकाश, जवळपास १८ लाख स्रोत. फर्स्ट हे त्याच दुर्बिणीचं ५ विकलांचं, जास्त बारीक पण कमी क्षेत्राचं सर्वेक्षण. आणि तिसरं लॉट्स, युरोपच्या लोफार दुर्बिणीचं. ते १४४ मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे टीजीएसएसच्या अगदी शेजारी, पण त्याचा नॉईज ०.०८३ मिलिजॅन्स्की आहे. चाळीस पट खोल. त्याचा २०२२ चा संच सुमारे ५,६०० चौरस अंशांचा आणि ४४ लाख स्रोतांचा आहे. हे लॉट्स आपली उत्तरपत्रिका असणार. आधी ती बघायची नाही.

साधनं: चित्र बघायला डीएस९, आकाशाचे वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवायला अलादिन, याद्या जुळवायला टॉपकॅट, स्रोत शोधायला पायबीडीएसएफ किंवा एजियन. सगळी मोफत. टॉपकॅट जावावर चालतो आणि चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही लाखभर ओळी सहज उघडतो. स्रोत शोधणारी दोन्ही साधनं पायथनची आहेत. पायबीडीएसएफसाठी लॅपटॉपवर उबुंटू टाकलेलं बरं, एजियन तुलनेने कमी कटकटीचं.

गावात काम करायचं तर एक पथ्य: जे लागेल ते एकदाच उतरवून घ्या. तीन हजार गुणिले तीन हजार पिक्सेलचं ३२ बिटी चित्र म्हणजे फक्त ३६ एमबी, मोबाईलच्या डेटावर रात्री उतरतं. याद्यांचा हवा तेवढाच भाग व्हिझिएअर या खगोलीय याद्यांच्या संकेतस्थळावरून कापून घेता येतो. मग वीज गेली, नेट गेलं, तरी बॅटरी आहे तोवर काम थांबत नाही. अलादिनला मात्र सतत नेट लागतं, म्हणून त्याचं काम साठवून ठेवून तालुक्याला गेलात की उरका. दिवाळीच्या आगेमागे पोरं कापूस वेचायला जातात, तेव्हा गट अर्धा होतो. दोघांनी मिळून करायची कामं त्याआधी संपवलेली बरी.

चित्र उतरवताना एक सावधगिरी. नासाच्या स्कायव्ह्यूवर टीजीएसएसचे तुकडे झटपट मिळतात आणि बघायला उत्तम असतात. पण ती सेवा चित्र नव्या पिक्सेलांवर बसवून देते, आणि मूळ फाईलच्या मथळ्यातली (हेडरमधली) बीमची नोंद त्यात असेलच असं नाही. मोजणीसाठी टीजीएसएसचे मूळ पाच-पाच अंशांचे चौकोनच घ्या.

पहिला तुकडा कुठला

आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांबचा. पट्ट्यात पसरट तेजोमेघ, सुपरनोव्हाचे अवशेष आणि पार्श्वभूमीची चढउतार यांमुळे नवशिक्याचं काहीच जुळत नाही. सिग्नस ए, कॅसिओपिया ए, खेकडा तेजोमेघ आणि व्हर्गो ए या चार दांडग्या स्रोतांपासूनही दूर राहा.

मी भूतप तारकासमूहातला तुकडा सुचवतो: विषुवांश (आकाशातले रेखांश, तासांत मोजलेले) १४ तास ३२ मिनिटं, क्रांती अधिक ३४ अंश, याच्या आसपासचा टीजीएसएस चौकोन. तिथे एनव्हीएसएस आहे, फर्स्ट आहे, लॉट्स आहे, दृश्य प्रकाशातली चांगली चित्रं आहेत. मे महिन्याच्या अखेरीस अंगणात बाज टाकून झोपता तेव्हा रात्री साडेदहा-अकराला हा भाग डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. स्वातीपासून पंधरा अंश वर. यादीच्या कामाला याचा काही उपयोग नाही, पण आपण कुठल्या जागेबद्दल बोलतोय हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवावं.

नॉईजचा नकाशा

चित्र डीएस९ मध्ये उघडलं की आधी स्रोत दिसतात. ते सोडा, मधली करडी जागा बघा. ती सगळीकडे सारखी नसते. तेजस्वी स्रोताभोवती आरे निघालेले असतात, पट्टे असतात, कधी काळपट खळगा असतो. १५० मेगाहर्ट्झला आयोनोस्फिअर लाटांना वाकवतो, आणि खोडद साधारण १९ अंश अक्षांशावर, म्हणजे आयोनोस्फिअर जिथे सर्वांत दाट आणि खोडकर असतो त्या विषुववृत्तीय फुगवट्याच्या काठाजवळ आहे. दुरुस्ती कितीही केली तरी थोडा दोष उरतोच आणि तो तेजस्वी स्रोतांच्या शेजारी गोळा होतो.

म्हणून अख्ख्या चित्राला एकच नॉईज लावायचा नाही. चित्रावर एक खिडकी सरकवत न्यायची आणि प्रत्येक जागी त्या खिडकीतला नॉईज काढायचा. स्रोतांमुळे आकडा फुगू नये म्हणून सरळ प्रमाण विचलन न घेता मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक काढून त्याला १.४८२६ ने गुणतात. एजियनमध्ये हे काम बेन नावाचं साधन करतं, पायबीडीएसएफ स्वतःच करतं. खिडकी बीमच्या तीस-चाळीस पट रुंद ठेवून सुरुवात करा. खिडकी फार लहान झाली तर मोठे स्रोत स्वतःलाच नॉईज समजून गायब होतात, फार मोठी झाली तर तेजस्वी स्रोतांजवळचे आरे स्रोत म्हणून यादीत घुसतात. पायबीडीएसएफमध्ये तेजस्वी स्रोतांजवळ लहान खिडकी वापरायची सोय आहे, ती चालू करा.

निघालेला नॉईजचा नकाशा फाईल म्हणून जपून ठेवा. पुढे प्रत्येक संशयित ठिपक्यापाशी त्याचीच गरज पडते.

पाच सिग्मा का, तीन का नाही

इथे जरा थांबून गणित करू, कारण साऱ्या यादीची लायकी यावर ठरते.

पाच गुणिले पाच अंशांचा चौकोन म्हणजे २५ चौरस अंश. २५ विकलांच्या गोल बीमचं क्षेत्रफळ १.१३३ गुणिले २५ चा वर्ग, म्हणजे ७०८ चौरस विकला. भागाकार केला तर चौकोनात साधारण ४ लाख ५८ हजार बीम बसतात. प्रत्येक बीम हा नॉईजचा एक स्वतंत्र फासा धरा. नॉईज अगदी आदर्श असला तरी ३ सिग्माच्या वर जायची शक्यता ०.००१३५, म्हणजे चौकोनात सहाशेच्या वर खोटे ठिपके. खरे स्रोत टीजीएसएसच्या घनतेने चारशे-सव्वाचारशे. खऱ्यांपेक्षा खोटे जास्त! ४ सिग्मावर खोटे चौदा-पंधरा उरतात. ५ सिग्मावर एकही नाही, म्हणजे सरासरीने ०.१३.

कागदावर ५ सिग्मा पुरेसा आहे. टीजीएसएसच्या मंडळींनी ७ धरला, कारण खऱ्या चित्रातला नॉईज आदर्श नसतो. आरे आणि पट्टे कुठल्याही संभाव्यतेच्या कोष्टकात बसत नाहीत. मग तुमच्या चौकोनात ५ सिग्मावर प्रत्यक्षात किती खोटे आहेत हे कसं कळणार? चित्र उलटं करा. प्रत्येक पिक्सेलला उणे एकने गुणा आणि तेच साधन त्याच सेटिंगने त्या उलट्या चित्रावर चालवा. आकाशात ऋण स्रोत नसतात, म्हणजे इथे जे सापडेल ते सगळं खोटं. तो आकडा लिहून ठेवा आणि ते कुठे सापडले ते नकाशावर टाका. बहुतेक सगळे दोन-चार तेजस्वी स्रोतांभोवती घोळका करून असतात. त्या जागांभोवती वर्तुळं आखून तिथे उंबरठा ७ ठेवायचा आणि बाकी चौकोनात ५, हा माझ्या मते सर्वांत सरळ तोडगा आहे. एक खोच लक्षात असू द्या: तेजस्वी स्रोतांजवळ ऋण खळगे जास्तच पडतात, त्यामुळे तिथे ही चाचणी खोट्यांचा अंदाज थोडा वाढवून सांगते.

स्रोत शोधणाऱ्या साधनाला दोन उंबरठे द्यावे लागतात. एक शिखराचा, तो ५. दुसरा बेटाच्या हद्दीचा: शिखर सापडल्यावर आजूबाजूचे किती पिक्सेल त्याच बेटाचे धरायचे. पायबीडीएसएफमध्ये तो ३ असतो, एजियनमध्ये ४. मूळचेच ठेवा आणि यादीसोबत लिहून ठेवा.

शिखर आणि बेरीज

प्रत्येक स्रोताचे दोन आकडे येतात. शिखराचा फ्लक्स (फ्लक्स म्हणजे वर सांगितलेली प्रखरताच), मिलिजॅन्स्की प्रति बीममध्ये, आणि एकूण फ्लक्स, नुसत्या मिलिजॅन्स्कीत. स्रोत बीमपेक्षा बारीक असेल तर दोन्ही जवळपास सारखे. पसरट असेल तर एकूण जास्त. पोरांनी हाताने पडताळा घ्यावा म्हणून एका स्रोताभोवती डीएस९ मध्ये वर्तुळ काढून पिक्सेलांची बेरीज घ्यायला लावा. ती बेरीज थेट फ्लक्स नसते, तिला एका बीममधल्या पिक्सेलांच्या संख्येने भागावं लागतं. ५ विकलांचे पिक्सेल आणि २५ विकलांचा बीम असेल तर ती संख्या १.१३३ गुणिले २५, म्हणजे २८.३. तुमच्या चित्राचा खरा पिक्सेल मथळ्यात बघून घ्या.

५ सिग्माच्या स्रोताचा एकूण फ्लक्स फारसा विश्वासाचा नसतो. बेट चार पिक्सेलांचं, त्यावर बसवलेला वक्र नॉईजच्या मर्जीने रुंद-अरुंद होतो. मंद आणि एकेरी दिसणाऱ्या स्रोतांसाठी मी शिखराचाच आकडा धरतो.

जागेची चूक साधारण बीम भागिले सिग्माच्या दुप्पट इतकी. २५ विकला, ५ सिग्मा: अडीच विकला. टीजीएसएसची स्वतःची जागेची अचूकता २ विकलांची. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर ३.२ विकला. हा आकडा प्रत्येक ओळीत असला पाहिजे, नाहीतर पुढची जुळवणी अंदाजपंचे होते.

जुळवणी

टॉपकॅटमध्ये तुमची यादी आणि एनव्हीएसएस उघडा आणि १५ विकलांच्या त्रिज्येत जुळवा. योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? एनव्हीएसएसमध्ये दर चौरस अंशाला साधारण ५२ स्रोत आहेत, त्यावरून १५ विकलांच्या वर्तुळात उगाच कुणीतरी पडण्याची शक्यता ०.३ टक्के येते. त्रिज्या एक कला केली तर साडेचार टक्के. गणितावर विश्वास नसेल तर आपली यादी क्रांतीत ०.१ अंशाने सरकवून पुन्हा जुळवा. आता जे जुळतील ते सगळे योगायोगाचे.

दृश्य प्रकाशातल्या याद्यांशी जुळवताना हा प्रकार अंगावर येतो. पॅन-स्टार्समध्ये सरासरी दर चौरस अंशाला लाखभर वस्तू आहेत. तिथे १० विकलांच्या वर्तुळात दोन-तीन वस्तू नुसत्या योगायोगानेच सापडतात. म्हणून आधी फर्स्ट किंवा लॉट्सवरून जागा बारीक करून घ्यायची, मगच दीर्घिका शोधायची.

विषुवांश तासांत आहे की अंशांत, हे दोनदा बघा. एक तास म्हणजे १५ अंश. आणि यादी एक्सेलमध्ये उघडून साठवू नका, ते पुढची शून्यं खातं आणि स्रोतांच्या नावांचे आकडे करून टाकतं.

डोळे

यंत्राने काढलेली प्रत्येक ५ ते ७ सिग्माची ओळ माणसाने बघायची. दोघांनी, वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता. प्रत्येक स्रोताचा पाच कलांचा तुकडा, शेजारी नॉईजचा नकाशा, आणि तीन शेरे: खरा, शंका, काढा. तुकड्यांच्या गठ्ठ्यात उलट्या चित्रातले थोडे खोटेही मिसळून द्या, कुणालाही न सांगता. ज्याने ते खोटे ‘खरा’ म्हणून पास केले, त्याचे बाकीचे शेरे किती मानायचे ते कळतं. पोरं याला परीक्षा म्हणतात आणि ती आहेच.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न: “सर, हे जोडीजोडीनं काहून दिसते?” दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवरातून दोन्ही बाजूंना झोत निघतात, आणि त्यांच्या टोकांचे रेडिओ ढग दोन वेगळ्या स्रोतांसारखे दिसतात. यंत्र दोन ओळी लिहितं. एक-दोन कलांच्या आत, साधारण सारख्या प्रखरतेची जोडी दिसली की मधोमध दीर्घिका आहे का बघा. असेल तर दोन ओळींना एकच गट क्रमांक द्या, पण ओळी पुसू नका. उद्या कुणी तुमचा गट अमान्य केला तर मूळ मोजमाप हाताशी राहिलं पाहिजे.

मिसळलेल्या स्रोतांचं भय खोटं नाही. केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या दुसऱ्या यादीत, १९५५ साली, १,९३६ स्रोत होते. सिडनीच्या मंडळींनी त्याच आकाशाचा भाग वेगळ्या दुर्बिणीने बघितला तेव्हा दोन याद्या जुळेनात. केंब्रिजच्या बीममध्ये अनेक मंद स्रोत मिळून एक ठिपका झाला होता आणि बहुतेक मंद नोंदी तशाच निघाल्या. १९५९ च्या तिसऱ्या यादीत ४७१ स्रोत उरले. तीच तिसरी यादी आजही वापरात आहे, क्वेसार ३सी २७३ चं नाव तिच्यातलंच.

उत्तरपत्रिका उघडा

आता लॉट्स. तुमचा चौकोन त्या संचात पूर्ण झाकला जातो का ते आधी तपासा, उघडा भाग हिशेबातून वगळा. मग जुळवा. इथे निव्वळ जागेची जुळणी पुरत नाही. लॉट्समध्ये दर चौरस अंशाला पावणेआठशेच्या वर स्रोत आहेत, १५ विकलांत योगायोगाने कुणीतरी पडायची शक्यता चार टक्क्यांवर जाते. म्हणून प्रखरतेची अट घाला: तुमच्या २५ विकलांच्या बीममध्ये पडणाऱ्या लॉट्सच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज तुमच्या आकड्याच्या निम्मी तरी असली पाहिजे. लॉट्सच्या १४४ आणि टीजीएसएसच्या नेमक्या १४७.५ मेगाहर्ट्झमुळे प्रखरतेत पडणारा फरक दोन टक्क्यांचा आहे, तो इथे सोडून द्यायला हरकत नाही.

तीन गोष्टी दिसतील. काही स्रोतांचा लॉट्समध्ये पत्ताच नसेल, ते खोटे. त्यांचे तुकडे पुन्हा काढून दोघांनी बसून बघा, कारण खोटा ठिपका कसा दिसतो हे शिकवणारं याहून चांगलं साहित्य नाही. दुसरं, उलट बाजूने लॉट्समधले १८ मिलिजॅन्स्कीच्या वरचे किती स्रोत तुमच्याकडून निसटले ते मोजा. ही तुमच्या यादीची पूर्णता. तिसरं जरा गमतीचं: ५ सिग्माजवळचे तुमचे आकडे सरासरीने लॉट्सपेक्षा जास्त येतील. कारण उंबरठ्याजवळचा जो स्रोत नॉईजच्या लाटेवर वर आला तोच तुमच्या जाळ्यात सापडला, जो खाली गेला तो निसटला. याला एडिंग्टन बायस म्हणतात. आकडे दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, टिपणात नोंदवा.

टीजीएसएसच्या फ्लक्समध्ये मुळातच सुमारे दहा टक्क्यांची अनिश्चितता आहे. तुमचे सगळेच स्रोत, तेजस्वीसुद्धा, लॉट्सपेक्षा एकाच दिशेने सरकलेले दिसले तर तो एडिंग्टनचा दोष नाही, मोजपट्टीचा आहे.

उतार

१५० मेगाहर्ट्झ आणि १.४ गिगाहर्ट्झ असे दोन आकडे हातात आले की वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारता वाढते तशी प्रखरता किती वेगाने बदलते ते, निघतो. एनव्हीएसएसच्या फ्लक्सला टीजीएसएसच्या फ्लक्सने भागा, नैसर्गिक लॉगरिदम घ्या, २.२५ ने भागा. २.२५ हा १४०० भागिले १४७.५ चा लॉगरिदम. टीजीएसएसमध्ये १२० आणि एनव्हीएसएसमध्ये २२ मिलिजॅन्स्की असेल तर उतार उणे ०.७५. बहुतेक रेडिओ दीर्घिका याच सुमाराला बसतात.

कामाचे असतात ते टोकाचे. समजा टीजीएसएसमध्ये १०० मिलिजॅन्स्की आहे आणि एनव्हीएसएसमध्ये काहीच नाही, म्हणजे तिथल्या अडीच मिलिजॅन्स्कीच्या मर्यादेखाली. उतार उणे १.६ पेक्षाही तीव्र. असा स्रोत पल्सार, म्हणजे वेगाने फिरत रेडिओ ठोके देणारा मृत तारा, असू शकतो, फार दूरची रेडिओ दीर्घिका असू शकते, दीर्घिकांच्या समूहातला जुना विझत आलेला ढग असू शकतो. किंवा टीजीएसएसमधला आरा असू शकतो, म्हणून आधी नॉईजचा नकाशा बघा. केंब्रिजच्याच चौथ्या यादीतल्या ४सी २१.५३ या विचित्र, तीव्र उताराच्या नोंदीचा पाठलाग करताना १९८२ साली पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला, सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा. त्या शोधात डोनाल्ड बॅकरसोबत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा बर्कलीत विद्यार्थी.

उत्तरपत्रिका नसलेल्या आकाशात

भूतपमध्ये हात बसला की दक्षिणेला चला. उणे ३० अंश क्रांती, विषुवांश दोन तासांच्या आसपास. लॉट्स तिथे नाही. एनव्हीएसएस आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या आस्कॅप दुर्बिणीचं ८८७.५ मेगाहर्ट्झवरचं रॅक्स आहे, २५ विकलांचं. टीजीएसएसचा बीम मात्र इथे गोल राहत नाही. अधिक १९ अंश क्रांतीच्या दक्षिणेला तो उत्तर-दक्षिण ताणला जातो, उणे ३० ला ३८ विकला लांब होतो. बीमची संख्या बदलली, म्हणजे वरचं खोट्यांचं गणित नव्याने मांडायचं.

इथे पूर्णता मोजायला बनावट स्रोत पेरा. नॉईज असलेल्या रिकाम्या जागी २० मिलिजॅन्स्कीचे दोनेकशे स्रोत बीमच्या आकारात मिसळा, साधन चालवा, किती परत मिळाले मोजा. मग २५ चे, ३० चे. आणि ‘शंका’ शेऱ्याच्या स्रोतांपैकी जे रॅक्समध्ये जुळत नाहीत त्यांना इथे यादीत घेऊ नका, वेगळ्या फाईलीत ठेवा. “याले ठेवू का काढू?” असं पोरगं तिसऱ्यांदा विचारायला लागलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: काढू नको, पण मुख्य यादीतही नको.

यादी बाहेर पाठवताना

प्रत्येक ओळीत: नाव, विषुवांश आणि क्रांती अंशांत, दोन्हींची चूक, शिखराचा फ्लक्स, एकूण फ्लक्स, त्यांच्या चुका, त्या जागचा नॉईज, सिग्मा, गट क्रमांक, दोघांचे शेरे, एनव्हीएसएसचा जोडीदार, उतार. नाव जागेवरून बनवतात, आणि त्यात आकडे छाटायचे असतात, जवळच्या आकड्याला न्यायचे नसतात. १४ तास ३२ मिनिटं १०.९ सेकंद असेल तर नावात १४३२१० येतं, १४३२११ नाही.

एखादा स्रोत नवा वाटला तर सिम्बाड, नेड आणि व्हिझिएअर या ज्ञात खगोलीय वस्तूंच्या तिन्ही माहितीसाठ्यांत बघितल्याशिवाय तोंडातून ‘नवा’ शब्द काढू नका. विचित्र आकाराचा, पसरट किंवा एका बाजूने झोत असलेला काही सापडला, तर डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली सुरू केलेल्या राड ॲट होम या नागरिक-विज्ञान उपक्रमात तो दाखवता येतो. तिथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टीजीएसएसच्या चित्रांवर काम करायला शिकवतात. खरंच वजनदार काही निघालं तर खोडदची दुर्बीण वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवते. तिथे एखाद्या अनुभवी संशोधकाला सोबत घेऊनच जा, कारण प्रस्तावात स्रोत किती वेळ बघायचा, कुठल्या पट्ट्यात आणि का, याचं गणित मांडावं लागतं.

यादीसोबत एक साधी मजकूर फाईल द्या: कुठला चौकोन, साधनाची आवृत्ती, खिडकीची रुंदी, दोन्ही उंबरठे, उलट्या चित्रातल्या खोट्यांची संख्या, पूर्णतेचं कोष्टक, वापरलेल्या सर्वेक्षणांचे आभार त्यांनी सांगितलेल्या शब्दांत. फाईलच्या नावात तारीख घाला आणि जुनी आवृत्ती पुसू नका.